दोन गोळ्यांची कुळकथा

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी माझी भाची चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. तिची आई आता नाही. तेव्हा मावशीचे घर हेच तिचे माहेर. दुपारची जेवणे आटोपली, मागचे आवरून झाले, आणि मग तिने पिशवीतून दोन पाकिटे काढून माझ्यापुढे ठेवली. हलक्या आवाजात तिने विचारले, "मावशी, ह्या दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या तर चालतात का गं?"

एक पाकीट मनाच्या आजारावरच्या औषधाचे होते. दोन वर्षांपूर्वी तिला कधी उन्मादाचे, तर कधी खोल उदासीनतेचे झटके येऊ लागले होते. कार्बामाझेपीन नावाच्या औषधाने ती सावरली, नोकरीवर रुजू झाली, तिचे लग्नही झाले. दुसरे पाकीट संततिनियमनाच्या गोळ्यांचे होते. पहिले औषध ज्या डॉक्टरांनी दिले, त्यांनी पुढे तिचे लग्न झाले की काय हे विचारले नाही. दुसरे ज्या बाईंनी दिले, त्यांना पहिल्याविषयी सांगण्याचा हिला धीर झाला नाही. आता गोळ्या नियमित घेऊनही पाळीच्या तारखा सोडून मध्येच रक्त जाऊ लागले होते, आणि पोरगी मनातून घाबरून गेली होती.

मी काही डॉक्टर नव्हे. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, एवढीच माझी विद्या. म्हणून मी तिला एवढेच म्हटले, "उद्या दोन्ही कागद घेऊन आपण दोघी मिळून जाऊ." तसे आम्ही गेलोही, त्याची हकीकत शेवटी सांगते. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. एखादी वस्तू हाती आली की तिचे कूळ शोधल्यावाचून त्याला चैन पडत नाही. त्या दोन पाकिटांचे कूळ शोधायला मी बसले, आणि असे आढळले की ह्या दोन गोळ्या एकमेकींना मुळीच परक्या नाहीत. संततिनियमनाच्या गोळीचा जन्मच मुळी एका मनोरुग्णाच्या घरच्या दुःखातून झालेला आहे.

सणासुदीच्या अंकात हा कसला विषय, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, फराळाच्या डब्यांशेजारी औषधांचा डबा आज कोणत्या घरात नाही? आणि त्यातली निदान एखादी गोळी लपवून घेतली जात नाही, असे छातीवर हात ठेवून किती घरे सांगू शकतील?

कॅथरिन डेक्स्टर ही शिकागोच्या एका नामांकित वकिलाची मुलगी. तिचा जन्म १८७५ चा. ज्या काळी मुलींना विज्ञान शिकवणे हे थेर समजले जाई, त्या काळी, १९०४ साली, तिने बोस्टनच्या प्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून जीवशास्त्राची पदवी मिळवली. त्याच वर्षी तिचे लग्न झाले. वर स्टॅन्ली मॅकॉर्मिक, पिके कापण्याचे यंत्र काढून कोट्यधीश झालेल्या सायरस मॅकॉर्मिकचा धाकटा मुलगा. रूप, शिक्षण, संपत्ती, कशातच उणे नव्हते. पण दोन वर्षे पुरती झाली नाहीत तोच स्टॅन्लीचे मन ढासळू लागले. १९०६ साली त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. रोगाचे निदान झाले ते ज्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्याचे. पुढे कॅलिफोर्नियात सँटा बार्बराजवळ 'रिव्हन रॉक' नावाच्या कुटुंबाच्या प्रशस्त वाडीत त्याला हलवण्यात आले. भोवती बागा, नोकरचाकर, वैद्य, सारे काही होते. पण बायकांना पाहून तो अनावर होतो, म्हणून वैद्यांनी स्त्रियांची सावलीही त्याच्यावर पडू दिली नाही. खुद्द पत्नीलाही वर्षानुवर्षे त्याची समोरासमोर भेट मिळाली नाही.

दुसरी एखादी खचली असती. हिने काडीमोड घेतला नाही आणि पदर डोळ्यांना लावूनही बसली नाही. वैज्ञानिक बुद्धीची बाई ती! नवऱ्याच्या रोगाचे मूळ शरीरातल्या ग्रंथींच्या स्रावांत असावे, अशी तिची समजूत होती. त्या शोधासाठी १९२७ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकशाळेत तिने एक संशोधनसंस्था उभी करून दिली. तिचे प्रमुख डॉ. हॉस्किन्स हे वुस्टर गावच्या सरकारी मनोरुग्णालयात रुग्णांवर अभ्यास करू लागले. हे वुस्टरचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. कथा फिरून तेथेच येणार आहे. कॅथरिनची समजूत खरी ठरली नाही. १९४७ साली स्टॅन्ली वारला. त्रेचाळीस वर्षांचा संसार, त्यांतली चाळीस वर्षे कुलपाआड. मूलबाळ नव्हतेच.

ह्या कॅथरिनबाईंचा आणखी एक ध्यास होता. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने संततिनियमनाची साधने टपालाने धाडणे, बाहेरून आणणे हा गुन्हा ठरवला होता. मार्गारेट सँगर नावाची एक परिचारिका त्या कायद्याशी झुंजत होती. तिच्या आईला अकरा मुले झाली आणि पन्नाशी गाठण्यापूर्वीच ती क्षयाने गेली. १९१६ साली ब्रुकलिनमध्ये सँगरबाईंनी दवाखाना उघडला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. कॅथरिनने तिला मदत केली ती मोठ्या युक्तीने. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात युरोपच्या सफरीवरून परतताना उंची पोशाखांच्या अस्तरांत शिवून तिने हजारावर रबरी साधने पेट्यांतून आणली. श्रीमंत बाईच्या पेट्यांकडे जकातवाल्यांनी वळून पाहिले नाही!

सँगरबाईंची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'सदोष' माणसांची वीण थांबवावी असे म्हणणाऱ्या सुप्रजाजननवाद्यांच्या गोटात त्या वावरत होत्या. त्या विचाराचे फळ फार कडू निघाले. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक ह्या तरुणीला 'मंदबुद्धी' ठरवून तिची सक्तीने नसबंदी करण्यास मुभा दिली, आणि पुढे हजारो मनोरुग्णांवर तोच प्रसंग आला. मूल हवे की नको हे बाईने ठरवावे, असे एका तोंडाने म्हणायचे आणि वेडी ठरलेल्या बाईला त्यातून वगळायचे, ही विसंगती ह्या साऱ्या इतिहासात आतल्या गाठीसारखी आहे.

सँगरबाईंचे नाव आपल्याकडेही अनोळखी नव्हते. १९३५ च्या डिसेंबरात त्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी संयमाचा मार्ग सांगितला, बाईंनी साधनांचा, आणि दोघे आपापल्या मतावर कायम राहिले. त्यांच्या कितीतरी आधी, १९२१ साली, मुंबईत प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले होते. त्यापायी त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक एकहाती चालवले. अश्लीलतेच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, मासिक थांबले नाही.

आता १९५२ आणि १९५३ ही दोन वर्षे पाहा. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डिले आणि डेनिकर ह्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना दिले, आणि वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे शांतपणे बोलू लागली. आमची सर्पगंधाही त्याच सुमारास जगाच्या दरबारी गेली. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ साली तिचे गुण नोंदले होते, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर तिचा उपयोग मांडला होता. तिच्यातून निघालेले रेसरपीन १९५४ च्या सुमारास अमेरिकेच्या मनोरुग्णालयांत वापरले जाऊ लागले. इकडे १९५२ च्याच नोव्हेंबरात सँगरबाई पुन्हा मुंबईत होत्या. धनवंती रामा राव ह्यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत कुटुंबनियोजनाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला.

पुढल्या वर्षी, ८ जून १९५३ रोजी, दोन वृद्ध स्त्रिया वुस्टरजवळच्या एका लहानशा प्रयोगशाळेत पोचल्या. सँगर त्र्याहत्तर वर्षांची, कॅथरिन सत्याहत्तर. प्रयोगशाळा ग्रेगरी पिंकस ह्यांची. नवऱ्याच्या इस्टेटीचे कज्जे मिटवून पैसा हाती आलेल्या कॅथरिनने त्या दिवशी चेक फाडला, आणि पुढे सुमारे वीस लाख डॉलर ह्या कामी ओतले. सरकारचा एक पैसा नव्हता. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे गायगी कंपनीच्या वॉल्टर शिंडलर ह्या रसायनशास्त्रज्ञाने कार्बामाझेपीन प्रथम तयार केले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रघुनाथराव कर्वे वारले. म्हणजे माझ्या भाचीच्या पिशवीतल्या दोन्ही पाकिटांचे जन्मवर्ष जवळपास एकच! पण एकीची दुसरीला दाद नव्हती.

गोळी तयार झाली. आता ती घ्यायची कोणी? मॅसॅच्युसेट्सचा कायदा कडक. डॉ. जॉन रॉक ह्या सश्रद्ध कॅथलिक स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९५४ पासून वंध्यत्वाच्या अभ्यासाच्या नावाखाली पन्नास स्त्रियांवर प्रयोग केला. त्याखेरीज पिंकस ह्यांना एक ओळखीचे दार होते. ते म्हणजे वुस्टरचे मनोरुग्णालय. ज्या वास्तूत कॅथरिनच्या पैशाने नवऱ्याच्या रोगाचा शोध चालला होता, तेथल्याच मनोरुग्ण स्त्रियांना, आणि काही पुरुषांनाही, आता संततिनियमनाची गोळी देण्यात आली. त्या रोगी माणसांची समजून-उमजून दिलेली संमती, ज्या अर्थाने आपण आज हा शब्द वापरतो त्या अर्थाने, कोणी घेतली नाही. गोळीचा त्यांच्या देहावर काय परिणाम होतो हे टिपण्यात आले. तुम्हांला ही हवी आहे का, हे विचारण्यात आले नाही.

ज्या बाईने कुलपाआडच्या एका माणसासाठी आयुष्य वेचले, तिच्याच पैशातून कुलपाआडच्या दुसऱ्या माणसांवर हा प्रयोग झाला. इतिहास वाचताना पान उलटण्यापूर्वी थांबावे अशा जागा थोड्या असतात. त्यांपैकी ही एक.

१९५६ च्या एप्रिलात पोर्तो रिको बेटावर गरीब वस्तीत मोठा प्रयोग सुरू झाला. तेथील डॉ. एड्रिस राइस-रे ह्या बाईंनी प्रामाणिकपणे कळवले की गोळी गुणकारी खरी, पण शंभरांतल्या सतरा बायकांना मळमळ, घेरी, डोकेदुखी असे त्रास होतात, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पिंकस ह्यांचे मत पडले की ह्या तक्रारी बव्हंशी मनाच्या सूचनेने निर्माण होतात. गंमत पाहा, बाईच्या शरीराची तक्रार मनाचा खेळ म्हणून बाजूला सारली गेली, आणि गोळीने मनावर खरोखर काय होते हा प्रश्न मात्र कोणी धसाला लावला नाही.

१९६० साली अमेरिकेच्या सरकारने 'एनोव्हिड' ह्या गोळीला संततिनियमनासाठी मान्यता दिली. मूळ गोळी फार जहाल होती. तीत स्त्री-संप्रेरकाचा एक घटक १५० मायक्रोग्रॅमपर्यंत असे. आजच्या बहुतेक गोळ्यांत त्या वर्गातला घटक २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतो. रक्ताच्या गुठळ्या, अर्धांगवायू ह्यांच्या वार्ता येऊ लागल्या. १९६९ मध्ये बार्बरा सीमन ह्या पत्रकार बाईंनी गोळीच्या धोक्यांवर पुस्तक लिहिले, आणि १९७० च्या जानेवारीत सिनेटर नेल्सन ह्यांच्या समितीपुढे चौकशी सुरू झाली. साक्षीला सगळे तज्ज्ञ. गोळी घेणारी एकही बाई बोलावलेली नव्हती! प्रेक्षकांतल्या तरुण मुली उठून ओरडल्या, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आले. पण त्या आरड्याचा परिणाम असा झाला की त्याच वर्षापासून गोळीच्या प्रत्येक पाकिटात घेणारीसाठी माहितीचा कागद घालणे आवश्यक ठरले. आज आपण ज्या बारीक अक्षरांच्या घडीचा बोळा करून फेकतो, ती घडी अशी भांडून मिळवलेली आहे.

दोन औषधे एकाच देहात भेटली तर काय होते, हे कळायलाही बायकांच्याच देहांनी साक्ष दिली. १९७१ मध्ये जर्मन डॉक्टरांना आढळले की क्षयावरचे रिफाम्पिसीन घेणाऱ्या स्त्रियांना गोळी चालू असताना मध्येच रक्तस्राव होतो, काहींना दिवसही राहतात. पुढल्याच वर्षी इंग्लंडात फेफऱ्याचे औषध घेणाऱ्या एका स्त्रीला गोळी घेऊनही दिवस गेल्याची नोंद प्रसिद्ध झाली. कारण यकृतात सापडले. आलेले औषध निकामी करून बाहेर टाकणे हे यकृताचे काम. काही औषधे त्याला इतके कामाला लावतात की ते दुसऱ्या औषधाचाही भराभर फडशा पाडते. चपळ मोलकरणीने उष्ट्या भांड्यांबरोबर भरलेली भांडीही घासायला न्यावी, तसे होते. कार्बामाझेपीन हे असेच औषध. फेफऱ्यावरचे हे औषध जपानी डॉक्टरांनी १९७० नंतरच्या काळात उन्मादावर वापरून पाहिले आणि मनाच्या औषधांत त्याची गणना होऊ लागली. ते चालू असले की गोळीचा अंमल उणावतो. मधल्या दिवसांतला रक्तस्राव ही त्याची खूण. माझ्या भाचीची खूण हीच.

उलट दिशेचा व्यवहारही असतो. उदासीनता परतू नये म्हणून लॅमोट्रिजीन दिले जाते. इस्ट्रोजेन असलेली गोळी सुरू केली की त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यापर्यंत उतरते. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २००१ साली हे दाखवून दिले. म्हणजे तेथे गोळी शाबूत राहते आणि मनाचे औषध पातळ होते. क्लोझापीनचे प्रमाण गोळीने उलट वाढू शकते. काही औषधांनी पाळीच बंद होते, बाईला वाटते आता धोका नाही; मग औषध बदलले जाते, पाळीच्या आधीच बीज सुटते आणि नकळत दिवस राहतात. व्हॅल्प्रोएटची गोष्ट सर्वांत गंभीर. ते १९६७ पासून फ्रान्समध्ये वापरात आहे. १९८२ मध्ये लियाँ येथे कळले की गर्भारपणी ते घेणाऱ्या मातांच्या बाळांत पाठीच्या कण्याचे व्यंग अधिक दिसते. आज आपल्याला ठाऊक आहे की अशा शंभर बाळांत दहाएकांना जन्मजात व्यंग आणि तीस ते चाळीस जणांना वाढीच्या अडचणी येतात. ब्रिटनने २०१८ साली नियम केला की गर्भप्रतिबंधाची पक्की व्यवस्था असल्यावाचून ते औषध मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला देऊ नये. कळल्यापासून नियम होईपर्यंत छत्तीस वर्षे गेली!

पण वाचकांनी उगाच धसका घेऊ नये. उदासीनतेवरची नेहमीची औषधे, लिथियम आणि मनोविकारांवरची बहुतेक औषधे गोळीचा अंमल कमी करत नाहीत. आणि डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करणे हे सर्वांत घातक. गोळीने मन खिन्न होते का, ह्या जुन्या प्रश्नाला २०१६ साली डेन्मार्कच्या दहा लाखांवर स्त्रियांच्या नोंदींतून काही उत्तर मिळाले. गोळी घेणाऱ्यांत, विशेषतः कोवळ्या वयाच्या मुलींत, उदासीनतेची औषधे सुरू होण्याचे प्रमाण थोडे अधिक दिसले. गोळीच त्याला कारण, हे मात्र अशा नोंदींवरून सिद्ध होत नाही. तरी साठ वर्षांपूर्वी 'मनाचे खेळ' म्हणून ज्या तक्रारी उडवून लावल्या, त्या निदान मोजण्याच्या योग्यतेच्या ठरल्या, हे काही थोडे नव्हे.

हा दोष परक्यांचाच, असे समजण्याचे कारण नाही. १९९४ साली आपल्या पुण्यात सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींचे गर्भाशय काढण्यात आले, तेव्हा केवढे वादळ उठले ते अनेकांना आठवत असेल. पाळीच्या दिवसांत त्यांना सांभाळणे अवघड जाते, हे कारण देण्यात आले होते. त्यांना विचारण्याचा प्रश्न येथेही कोणाला पडला नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारावरचा उपाय म्हणून नसबंदी करण्यास स्पष्ट बंदी घातली आणि उपचारांत रुग्णाच्या इच्छेला स्थान दिले. कागदावर का होईना, वुस्टरच्या त्या निनावी स्त्रियांचे ऋण थोडे फिटले.

आता माझ्या भाचीची हकीकत पुरी करते. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रथम गोळी देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भाचीने दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. बाईंनी ते वाचले, आणि रागावतील असे वाटले होते, त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे तू मला सांगितलं नाहीस खरं, पण मीही विचारायला हवं होतं." त्यांनी तिच्या समक्ष दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला. तपासणीत दिवस राहिलेले नाहीत असे दिसले. कॉपर-टी बसवायचे ठरले. त्या साधनाचा अंमल अशा औषधांनी कमी होत नाही. मनाचे औषध तसेच चालू राहिले.

परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, एवढंच होतं? एवढं सांगायला मी आठ महिने घाबरले?"

मी काय बोलणार! कॅथरिन मॅकॉर्मिक १९६७ च्या डिसेंबरात, ब्याण्णव वर्षांची होऊन वारली. तिच्या पैशाने कोट्यवधी स्त्रियांना आपल्या देहाचा मुखत्यार होता आले. पण नवऱ्याच्या आजाराचे कोडे तिला सुटले नाही. ती दोन दुःखे तिने एकाच आयुष्यात वाहिली. तिच्यामागे वैद्यकाने मात्र त्यांना दोन खोल्या दिल्या आणि मधले दार लावून घेतले. ते दार उघडले ते मध्येच रक्त गेले म्हणून तक्रार करणाऱ्या, सभेत उठून ओरडणाऱ्या, दोन पाकिटे पुढे ठेवून हलक्या आवाजात विचारणाऱ्या बायकांनी.

यंदा भाऊबीजेला भाची येणार आहे. तिच्या पिशवीत आता एकच कागद असतो. त्यावर सगळी औषधे एकाखाली एक लिहिलेली असतात, आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेली की तो ती आधी पुढे ठेवते. हा लेख लिहिण्याची परवानगी तिनेच दिली. "नाव घालू नकोस," एवढीच अट तिने घातली.